घरचा की वाटायचा?

एप्रिल २०२० मधली गोष्ट. टाळेबंदीला तीन आठवडे होत आले होते. आमच्या सोसायटीने ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या चाळीस घरांना शिधा द्यायचं ठरवलं आणि सामानाची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी बालवाडीत शिकवते. शाळा बंद होती, हाताशी वेळ होता. ओट्यावर फोन स्पीकरवर ठेवून मी आमच्या नेहमीच्या वाण्याला एकेक जिन्नस सांगत होते. तांदळाशी आल्यावर त्याने विचारलं, “ताई, तांदूळ घरचा देऊ की वाटायचा?”

मी क्षणभरही न थांबता म्हटलं, “वाटायचा.”

माझा धाकटा तेव्हा चौथीत होता. शेजारी बसून लसूण सोलत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, “आई, वाटायचा तांदूळ वेगळा असतो का?”

म्हटलं, “चाळीस घरांचं आहे रे, पैशांचा मेळ बसवावा लागतो.” तो “बरं” म्हणाला आणि पुढची पाकळी सोलू लागला. मुलं असं “बरं” म्हणतात तेव्हा त्यांना पटलेलं नसतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आई-बाबांनो, त्या एका प्रश्नापासून पुढे जे जे घडलं ते आज तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण असा किराणा देता. कुणी मुलाच्या वाढदिवसाला, कुणी आईच्या वर्षश्राद्धाला, कुणी दिवाळीत. मनापासून देता. आणि मुलांवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून त्यांना सोबत नेता. म्हणूनच हे तुमच्याशी बोलायला हवं. आपण देतो ते सामान महिन्याभरात संपतं. आपल्या शेजारी उभं राहून मूल जे बघतं, ते मात्र त्याच्याबरोबर राहतं.

आपल्याकडे देण्याघेण्यातला ब्लाउजपीस असतो. घरात कुणी शिवणार नाही, पण ओटीत घालायला चालतो असा. कपाटात त्याचा वेगळा गठ्ठा असतो. तसाच वाटायचा तांदूळ असतो, वाटायची चादर असते, वाटायचे लाडूसुद्धा असतात. दुकानदाराने मुद्दाम काही विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक जसं मागतं तसं तो विचारतो. “वाटायचा” हे उत्तर माझ्या तोंडी आधीपासून तयार होतं आणि मी ते माझ्या मुलासमोर दिलं.

वाटपाच्या दिवशी फाटकाबाहेर पांढरे गोल आखले होते. एकेक जण पुढे येत होता, टेबलावरची पिशवी घेत होता. हिशेब चोख राहावा, देणगीदारांना कळावं, म्हणून प्रत्येकाचा फोटो काढत होतो. फोटो काढायला मीच उभी होते. “पिशवी जरा वर धरा,” असं मी कितीदा म्हटलं असेन. संध्याकाळी ते फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. रात्रीपर्यंत कुणीतरी कौतुकाने ते मुलाच्या वर्गाच्या पालक-ग्रुपवर पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा माझा फोन घेऊन आला. त्याने एक फोटो बोटांनी मोठा केला होता. तोंडाला रुमाल बांधलेली, निळी साडी नेसलेली एक बाई दोन्ही हातांनी पिशवी छातीपाशी धरून उभी होती.

“आई, ही त्याची आई आहे.”

‘त्याची’ म्हणजे त्याच्या बाकावरच्या मित्राची. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात. त्यातल्या एका जागेवर तो पहिलीपासून माझ्या मुलाच्या वर्गात होता. दोघं डबा वाटून खायचे. त्याची आई तीन घरी धुणंभांडी करायची, वडील भाड्याची रिक्षा चालवायचे. शाळेच्या फाटकाशी आम्ही दोघी कितीदा भेटलो होतो, पावसात एका छत्रीखाली उभ्या राहिलो होतो. तोंडावरच्या रुमालामुळे मी तिला ओळखलं नाही. तिने मला नक्की ओळखलं असणार. मी म्हटलं तशी तिने पिशवी वर धरली.

जूनमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले. त्या मुलाच्या चौकोनात फक्त नाव दिसायचं, कॅमेरा कायम बंद. माझा मुलगा त्याला मेसेज पाठवायचा, त्याला उत्तर यायचं नाही. एके दिवशी जेवताना तो मला म्हणाला, “आई, तू फोटो नसता काढलास तरी त्यांना तांदूळ मिळाला असताच ना?”

ऑगस्टमध्ये मी तिच्या घरी गेले. मुलाला सोबत नेलं नाही, कारण मला माफी मागायची होती आणि आधी ती मला एकटीला जमायला हवी होती. तिने चहा केला. मी फोटोचं बोलले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पोरगं दोन दिवस जेवलं नाही ताई. वर्गातल्या सगळ्यांनी बघितलं म्हणत होतं.” त्यापेक्षा जास्त काही बोलली नाही. मग मीच विचारलं, सामानाचा उपयोग झाला का. तेव्हा मात्र ती मोकळेपणाने बोलली. “तांदूळ होता, पण गॅस संपलेला. रवा आमच्यात कुणी खात नाही, तो शेजारणीला दिला. साखर दोन किलो होती आणि तेल एकच पिशवी. तेल जास्त लागतं ताई. आणि साबण नव्हता. सगळे सांगत होते हात धुवा, हात धुवा.”

चाळीस घरांसाठी यादी करताना मी चाळीसपैकी एकाही घरात विचारलं नव्हतं.

आता थोडं रेशनबद्दल बोलू, कारण “सरकार देतंच की फुकट धान्य” हे वाक्य आपल्या दिवाणखान्यांत फार सहज म्हटलं जातं आणि मुलं ते ऐकतात. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला ३५ किलो. पूर्वी तांदळाला किलोमागे ३ रुपये आणि गव्हाला २ रुपये द्यावे लागत. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ही मोठी गोष्ट आहे आणि तिच्यामुळे लाखो घरांत रोज चूल पेटते. पण ते धान्य म्हणजे गहू-तांदूळ. डाळ, तेल, मीठ-मिरची, चहा, साबण हे सगळं विकतच आणावं लागतं. शिवाय ते सगळ्यांना मिळत नाही. महाराष्ट्रात शहरातल्या प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार रुपये आहे. महिन्याला पाच हजारही होत नाहीत. तीन घरची धुणंभांडी आणि भाड्याची रिक्षा मिळून एखादं घर त्या रेषेच्या वर जातं आणि केशरी कार्ड हातात असूनही त्यावर मोफत धान्य येत नाही. राज्याच्या वाट्याला आलेली लाभार्थ्यांची संख्या ७ कोटींच्या आसपास बांधलेली आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवर बेतलेली. त्यानंतर शहरात आलेल्या, लग्न होऊन वेगळ्या झालेल्या, बाळ झालेल्या घरांना नाव चढवायला चकरा माराव्या लागतात. आणि ज्यांचं नाव आहे त्यांनाही यंत्रावर अंगठा उमटवावा लागतो. वर्षानुवर्षं भांडी घासून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या बाईचा अंगठा यंत्राला पटकन सापडत नाही. मुलांना कधीतरी तिचा हात बघू द्या. फुकट धान्याबद्दल बोलताना तो हात त्यांच्या डोळ्यांसमोर असायला हवा.

त्या ऑगस्टमध्ये मित्राच्या आईकडून परतल्यावर मी आणि नवऱ्याने ठरवलं की चाळीस घरं आपल्याच्याने होणार नाहीत, एका घराचा महिन्याचा किराणा मात्र आपण उचलू शकतो. या वेळी यादी तिने करायची. सप्टेंबरची यादी आली ती दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानाच्या पाठीवर. मित्राचंच अक्षर होतं, आईने सांगितलं असणार आणि त्याने लिहिलं असणार. तेल ३ पिशव्या. तूरडाळ १ किलो, मसूर अर्धा. शेंगदाणे १ किलो. गूळ. ज्वारी ५ किलो. मीठ. चहापावडर पाव किलो. अंगाचा साबण २, कपड्यांचा ३. अंडी. पॅडचं पाकीट. आणि सगळ्यात खाली एक शब्द लिहून खोडलेला.

धाकट्याने पान उजेडात धरून बघितलं. “आई, बिस्किटं लिहिलं होतं. मग खोडलंय.”

त्याला वाटत होतं आपण बिस्किटं घालून द्यावीत. मलाही आधी तसंच वाटलं. पण विचार केला, लिहिणाऱ्या मुलाने लिहिलं, आईने ‘कशाला, बरं दिसणार नाही’ म्हणून खोडायला लावलं, आणि आता आम्ही ते खोडलेलं वाचून बिस्किटं पाठवली, तर तिला काय वाटेल? आपली खाडाखोडसुद्धा कुणीतरी बघतंय. म्हणजे यादी तिच्या हातात देऊनही ती मंजूर करणारे आम्हीच राहिलो होतो.

मग आम्ही वाण्याकडे गेलो आणि खातं उघडलं. आता ज्यांना कुणाच्या घरचा किराणा उचलायचा आहे त्यांना मी हाच रस्ता सांगते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दर महिन्याच्या १ तारखेला आम्ही ठरलेली रक्कम दुकानदाराकडे जमा करतो. आमची सुरुवात पंधराशेपासून झाली. ती बाई इतर गिऱ्हाइकांसारखी दुकानात येते, हवं ते, हवं तेव्हा, हव्या त्या मापात घेते. वहीत लिहिलं जातं. ती वही मी बघत नाही. महिन्याच्या शेवटी वाणी फक्त बेरीज सांगतो आणि काही उरलं तर पुढे ओढतो. दुकानात उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाला यातलं काही कळत नाही, कारण उधारीची वही तर अर्ध्या वस्तीची असते. तिने त्या महिन्यात बिस्किटं घेतली का, मला माहीत नाही. माझ्या मुलाने एकदा विचारलं तेव्हा त्यालाही मी हेच सांगितलं, की ते आपल्याला माहीत असायचं कारण नाही.

“आणि त्यांनी तंबाखूच घेतली तर?” हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. त्या बाईने पहिल्याच दिवशी वाण्याला बजावून ठेवलं होतं, “माझ्याशिवाय दुसरं कुणी आलं तर काही द्यायचं नाही.” तिच्या घरातल्या भानगडी तिला आपल्यापेक्षा चांगल्या कळतात. तुमच्या घरी महिन्याचा पगार आल्यावर त्याचं काय करायचं हे शेजारच्यांनी ठरवलेलं तुम्हाला चालेल का? मुलांना हा प्रश्न विचारून बघा. त्यांचं उत्तर सरळ असतं.

या खात्यामुळे माझ्या मुलाला आणखी एक गोष्ट समजली, ती मी कितीही सांगून समजली नसती. वहीचं खातं उघडण्याआधी ते घर तेल कसं घ्यायचं? रोज संध्याकाळी, हातात पैसे आले की, वीस रुपयांचं. चहापावडर पाच-दहा रुपयांच्या पुडीतून. तो गणितात बरा आहे. त्याने दुकानात उभ्या उभ्या भाव विचारून घेतले आणि घरी येऊन भागाकार केले. आपण महिन्याचा डबा आणतो त्यापेक्षा त्यांना लिटरमागे, किलोमागे बरेच जास्त पैसे पडत होते. “म्हणजे ज्यांच्याकडे कमी पैसे त्यांना महाग?” तो मला पुन्हा पुन्हा विचारत राहिला. मी हो म्हटलं. त्या रात्री त्याने गणिताची वही बंद केली आणि बराच वेळ टेबलाशी बसून राहिला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला धडा तो विसरेल. हे गणित त्याच्या अजून लक्षात आहे.

कधी द्यायचं, याबद्दलही बोलायला हवं. आपण सगळे दिवाळीत देतो. २०२२ च्या दिवाळीत सरकारनेही शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेलाचा शिधा दिला होता. दिवाळीला वस्तीत फराळाच्या पिशव्या तीन-तीन ठिकाणांहून येतात. बोनस, बक्षिसीही थोडीफार मिळालेली असते. खरी ओढाताण मे ते ऑगस्ट असते. मे महिन्यात शाळा बंद असतात. महापालिकेच्या शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोजच्या दुपारच्या जेवणासाठी १०० ग्रॅम तांदूळ आणि त्यासोबत डाळ-उसळ मिळते, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. सुट्टीत ते जेवण घरच्या भांड्यावर येतं. एका घरात दोन-तीन मुलं असतील तर महिन्याला किती वाढतं याचा हिशेब तुम्हीच करा. त्याच महिन्यात आपण गावाला जातो आणि कामवाल्या मावशींना ‘महिनाभर येऊ नका’ म्हणतो. पुष्कळ घरांत त्या महिन्याचा पगार कापला जातो. जून आला की वह्या, गणवेश, चपला, रेनकोट. पाऊस लागला की बांधकामं थंडावतात, मजूर अड्ड्यावरून हात हलवत परततो, रस्त्यावरची हातगाडी बंद राहते. घराघरांतले डबे रिकामे असतात ते आषाढात. एखाद्याला वर्षातून एकदाच द्यायला जमणार असेल तर मी हात जोडून सांगते, दिवाळी सोडा आणि जूनमध्ये द्या.

काय द्यावं, याचं उत्तर खातं उघडलंत तर तुम्हाला शोधावंच लागणार नाही. पिशवीच द्यायची असेल तर रेशनमध्ये जे येत नाही ते द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने उंचीला कमी निघाली. एवढ्या मुलांच्या अंगी पोषण लागलेलं नाही, आणि नुसत्या भाताने पोट भरलं तरी ते लागत नाही. डाळी, शेंगदाणे, तेल, गूळ, जमत असेल तिथे अंडी. आणि तांदूळ द्यायचाच असेल तर तुम्ही खाता तोच.

माझी आजी सातारा जिल्ह्यातली. तिच्या सासरी जात्याजवळ एक मडकं असायचं. पहाटे दळण घेताना ती आधी एक मूठ धान्य त्या मडक्यात टाकायची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, आणि तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. त्या मुलांना जेवायला घालण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याबरोबरच गावोगावच्या बायकांची मूठही होती. मुष्टिफंड म्हणत त्याला. आजी सांगायची, मडकं भरलं की गाडी यायची. मी लहानपणी तिला विचारलं होतं, त्या मडक्यात कुठली ज्वारी घालायचीस? तिला माझा प्रश्नच कळला नाही. “कुठली म्हंजे? दळायला घेतलेली.”

वाण्याच्या फोननंतर मला आजीचं हे उत्तर आठवायला चार महिने लागले, याची मला आजही लाज वाटते.

आता मुलांशी काय बोलायचं. एक वाक्य आहे, ते कृपा करून घरातून काढून टाका. “बघ, अभ्यास केला नाहीस तर अशी धुणीभांडी करावी लागतील.” हे वाक्य मी शिकलेल्या, सज्जन घरांत ऐकलं आहे, आणि तेही मावशी मोरीत भांडी घासत असताना. त्यातून मुलाला कळतं ते एवढंच, की भांडी घासणं ही शिक्षा आहे आणि ती घासणारी बाई लहानपणी अभ्यासाचा कंटाळा करत होती. तिला अकराव्या वर्षी शाळेतून काढलं गेलं, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणी नव्हतं. हे तुमच्या मुलाला कुणी सांगितलं? “ते गरीब का आहेत?” असं मुलाने विचारलं तर “देवाची मर्जी” म्हणून विषय टाळू नका. त्याला कळेल अशा शब्दांत खरं सांगा. त्यांच्या आईला आपण महिन्याला एवढे पैसे देतो, खोलीचं भाडं एवढं आहे, आजीच्या औषधांना एवढे जातात, उरतात एवढे. सात-आठ वर्षांच्या मुलाला ही वजाबाकी येते.

आणि इथे तुमच्याशी जरा कडक बोलते. तुमच्या घरी येणाऱ्या मावशींचा पगार दोन वर्षांत वाढवला नसेल, आजारपणाच्या दिवसांचे पैसे तुम्ही कापत असाल, तर कुणाला किराणा द्यायच्या आधी ते नीट करा. तिच्या हक्काचं तिला मिळालं तर कदाचित तिला तुमच्या पिशवीची गरजच पडणार नाही. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्यात नोंदणी होते. तिच्यासोबत बसून अर्ज भरा. रेशन कार्डावर बाळाचं नाव चढवायला लागणारे कागद जमवून द्या. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याचा फोटो निघत नाही. तुमच्या मोठ्या मुलांना, आठवी-नववीच्या, हे काम सांगा. ऑनलाइन अर्ज त्यांना आपल्यापेक्षा पटापट जमतात.

अजून एक गोष्ट. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. विरजणाची वाटी आली तर जाताना तिच्यात चटणीचा चमचाभर का होईना, जातो. किराणा देणाऱ्या घरांत मात्र वाटी एकाच बाजूने जात राहते आणि तिकडून काही आलं की आपण “अहो कशाला, राहू दे, तुमच्याच मुलांना द्या” म्हणतो. आपल्याला तो चांगुलपणा वाटतो. खातं उघडल्यावर पाच-सहा महिन्यांनी ती बाई एकदा आमच्या दारात आली. गावच्या जत्रेहून आणलेली शेंगदाण्याची चटणी आणि तीन ज्वारीच्या भाकरी फडक्यात बांधून आणल्या होत्या. माझ्या ओठांवर “कशाला” आलंच होतं. धाकट्याने माझ्या आधी हात पुढे केले, तिथेच दारात भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावून तोंडात टाकली आणि म्हणाला, “काकू, तिखट आहे.” ती हसली. म्हणाली, “तुझ्या दोस्ताने कुटलीय. मिरच्या जास्त घातल्या मुद्दाम.” दोघांची मैत्री पूर्वीसारखी झाली असं मी सांगणार नाही, कारण तसं झालेलं नाही. पण त्या दिवशी तो फडकं परत द्यायला एकटा ओढ्यापलीकडे गेला आणि अंधार पडेपर्यंत आला नाही.

२०२२ मध्ये रिक्षाचा धंदा पुन्हा रुळावर आला. त्या बाईने एका संध्याकाळी वाण्याला सांगितलं, “ताईंना सांगा, आमचं आता बंद करा.” आणि पुढे सांगितलं, गल्लीच्या शेवटी एक बाई आहे, नवरा गेला, दोन लहान मुली आहेत, ती कुणाकडे तोंड उघडणार नाही, तिला द्या. आमच्या सोसायटीच्या कमिटीला अशी बाई शोधून सापडली नसती. आम्ही सर्वेक्षण केलं असतं, फॉर्म भरून घेतले असते, आणि जी तोंड उघडत नाही ती त्या फॉर्ममध्ये आलीच नसती. खातं तिच्याकडे गेलं. मागच्या वर्षी तिने ते पुढे कुणाला तरी दिलं. त्या घरात कोण आहे ते मला माहीत नाही. वाण्याला माहीत आहे, तेवढं पुरे.

तेव्हा आई-बाबांनो, महिन्याचं सामान भरायला जाल तेव्हा मुलाला सोबत न्या. आपली यादी झाली की वाण्याला बाजूला घेऊन विचारा, त्याच्या वहीत कुणाची उधारी थकली आहे का. नाव विचारू नका. जमेल ती रक्कम, पाचशे असो की दोन हजार, त्या खात्यावर टाका, आणि एकटं जमत नसेल तर तीन घरं मिळून टाका.  आणि वाण्याने विचारलंच, घरचा की वाटायचा, तर उत्तर तुमच्या मुलाला देऊ द्या.